खुरावरची रेघ

घोडा का अडला, भाकरी का करपली, पान का सडले? तीन प्रश्नांना मिळून उत्तर एकच : न फिरवल्यामुळे. हे कोडे आपण सर्वांनीच लहानपणी एकमेकांना घातले असेल आणि उत्तर सांगून थोडी ऐटही मिरवली असेल. मीही मिरवली. पण त्या उत्तराचा अर्थ मला कळला तो २०२३ च्या डिसेंबरात, रात्री दोन वाजता, बॅटरीच्या उजेडात, पोटदुखीने तळमळणाऱ्या आमच्या घोडीसमोर उभा राहिलो तेव्हा.

आमचे गाव निफाड तालुक्यातले. हिवाळ्यात पारा ५-६ अंशांवर उतरला की वर्तमानपत्रात ज्या तालुक्याचे नाव येते, तोच हा. आजोबांनी उभ्या आयुष्यात टांगा हाकला. पुढे रिक्षा आल्या, टांगा मोडीत गेला, पण ठाणावरची घोडी हलली नाही. आताची मैना कुमैत रंगाची, स्वभावाने गरीब. कार्तिकात तुळशीचे लग्न लागले की तिचा हंगाम सुरू होतो. नवरदेव पाठीवर, पुढे बँड, वर दिव्यांचा झगमगाट. आणि खाली डांबरी रस्त्यावर तिचे चार खूर.

आजोबांचा दिवस त्या खुरांपासून सुरू होई. पहाटे तिच्या खांद्यावर हात ठेवून तो सावकाश खाली नळीपर्यंत आणीत. तिने पाय उचलला की तो मांडीवर घेत आणि लोखंडी आकडीने, टाचेकडून पुढच्या टोकाकडे, आत भरलेली लीद, माती, खडे काढीत. खुराच्या तळाशी मध्यभागी एक त्रिकोणी, रबरासारखा लवचिक भाग असतो. त्याच्या बाजूच्या खाचा साफ झाल्या की ते खाली वाकून चक्क वास घेत. मला हसू येई.

"आजोबा, अत्तर लावलंय का तिथं?"

"वास आला तर समजावं, आपल्याला उशीर झाला," ते म्हणत. मग खरारा, मग पाणी, मग चंदी. हा क्रम कधी चुकला नाही.

त्या डिसेंबरात आजोबांच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले. नाशिकला आत्याकडे बारा-पंधरा दिवस राहणे भाग होते. जाताना त्यांनी मला चारच गोष्टी सांगितल्या. पाणी कोमट कर. चंदी वाढवू नकोस. रोज फिरव. पाय उचल. मी मान हलवली. महाविद्यालयात जाणाऱ्या माणसाला एवढे काय सांगायचे, असेही मनात येऊन गेले.

थंडी मात्र कडक पडली. वडील रात्री द्राक्षबागेत. मण्यांना थंडी बाधू नये म्हणून तिथे शेकोट्या पेटवून धूर करावा लागतो. मी अंगात दोन स्वेटर घालून परीक्षेचा अभ्यास करीत बसे आणि मला मैनेची कणव येई. खोटे कशाला सांगू, मी जे जे केले ते प्रेमानेच केले. तबेल्याचे दार आणि झरोका ताडपत्रीने बंद केला. खालचे ओले गवत न उपसता त्यावरच रोज नवे वाळलेले गवत पसरले. म्हटले, गादी जाड होईल. आई आम्हाला बाजरीची भाकरी आणि गूळ वाढत होती, म्हणून मी मैनेलाही हरभऱ्याबरोबर बाजरी घातली आणि चंदी दीडपट केली. अशा वाऱ्यात फिरवायचे कशाला, म्हणून ठाणावरच ठेवली. हौदाचे गार पाणी पुढे केले की ती ओठ बुडवी आणि मान वळवी. थंडीत तहान कमीच लागते, असे मी ठरवून टाकले. आणि पाय? पहाटे ती लोखंडी आकडी हातात धरवत नसे. बोटे बधिर होत. उद्या उचलू, असे म्हणता म्हणता नऊ दिवस गेले.

दहाव्या रात्री तबेल्यात लाथांचे आवाज झाले. जाऊन पाहतो तो मैना पुढच्या पायाने जमीन उकरते आहे, वळून वळून स्वतःच्या कुशीकडे बघते आहे आणि एवढ्या थंडीत तिचे अंग घामाने भिजले आहे. मी आजोबांना फोन लावला. त्यांनी काय केलेस म्हणून विचारले नाही. एवढेच म्हणाले, "लोळू देऊ नकोस. हळूहळू फिरव. तोंडात काही घालू नकोस. डॉक्टरांना बोलाव."

तीन वाजता पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर मोटारसायकलवरून आले. घोड्याला ओकारी होत नाही. पोटात गेले ते पुढेच सरकायला हवे, आणि तेच अडले होते. त्यांनी इंजेक्शन दिले, नाकातून नळी घालून पातळ पॅराफिन पोटात सोडले आणि कुशीला कान लावल्यासारखी नळी लावून बसले. उजाडताना मैनेने लीद टाकली. लीद पाहून डोळ्यांत पाणी येते, हे मला कुणी सांगितले असते तर मी त्याला वेड्यात काढले असते.

चहा घेताना डॉक्टर बोलले. दिवस लहान होऊ लागला की घोड्याच्या अंगावर आपोआप लांब, दाट केस येऊ लागतात. तीच त्याची रजई. शिवाय गवत-कडबा मोठ्या आतड्यात आंबतो आणि त्यातून आतली ऊब निर्माण होते. म्हणून थंडीत वाढवायचा तो चारा. धान्य एकदम वाढवले तर पोट बिघडते. दिवसाला २५-३० लिटर पाणी लागणाऱ्या जनावराने गार म्हणून पाणी कमी घेतले, वर कोरडा चारा आणि फिरणे बंद, मग आतडे तुंबणारच. बोलता बोलता त्यांनी तिचा मागचा पाय उचलला. मला दोन हातांवर वास आला. खाचांत काळा, ओला चिकटा होता. नव्या गवताखालची ओल तिथे नऊ दिवस मुरत होती.

"थंडी तिला नव्हती रे," डॉक्टर म्हणाले, "तुला होती."

आजोबा काळा चष्मा लावून परतले. दोन लग्नांचा घेतलेला इसार आम्ही परत केला. त्या हंगामात ती रक्कम आमच्या घराला लहान नव्हती. आजोबा रागावले नाहीत. त्यांनी ताडपत्री काढली, ओले गवत खालपर्यंत उपसले आणि वाकून वास घेतला. त्यापेक्षा एक थोबाडीत बसली असती तर बरे वाटले असते.

रोज सफाई, कोरडे ठाण आणि डॉक्टरांचे औषध यांनी खूर तीन-चार आठवड्यांत बरे झाले. प्रकरण मिटले असे मी समजलो. पण फेब्रुवारीत नालबंदचाचा नाल बदलायला आले. खूर वाढतच असतो, म्हणून नाल झिजो न झिजो, सहा-सात आठवड्यांनी काढून खूर कापावाच लागतो. चाचांनी पुढचा पाय मांडीवर घेतला आणि केसांच्या खाली बोटभर अंतरावर उमटलेल्या एका आडव्या रेघेवर अंगठा फिरवला.

"डिसेंबरात काय झालं होतं हिला?"

मी चकित झालो. मग त्यांनीच सांगितले. खूर वरून खाली वाढतो, महिन्याला साधारण ८-९ मिलिमीटर. ताप आला, उपास घडला किंवा खाण्यात एकदम फरक पडला की वाढीत खंड पडतो आणि त्याची रेघ उमटते. ती पुसता येत नाही. खुराबरोबर खाली सरकत जाते. अंतर मोजले की महिना कळतो.

आजोबा गप्प होते. "माझ्या हातून झालं," मी म्हणालो. चाचांनी फक्त मान हलवली आणि कानस उचलली.

वर्षभर ती रेघ मी रोज पाहिली. होळीला ती वर होती, पावसाळ्यात मध्यावर आली. दसऱ्याला मैनेची पूजा करताना खुरांना हळदकुंकू लावले तेव्हा ती खिळ्यांपाशी पोचली होती. २०२४ च्या कार्तिकात, तुळशीची लग्ने लागल्यावर, चाचांनी कापलेल्या तुकड्यात ती निघून गेली. खूर पुन्हा वरपासून खालपर्यंत सरळ झाला.

आता आजोबांना चांगले दिसते, पण पाय मीच उचलतो. आकडी आधी कोमट पाण्याच्या बादलीत बुडवतो म्हणजे बोटे बधिर होत नाहीत. इतकी साधी युक्ती तेव्हा सुचली नव्हती. वर्गात मित्र कधी विचारतात, तुझ्या हाताला कसला वास येतो? मी हसतो. खुरावर वाकून मी रोज वास घेतो. उशीर झालेला नाही एवढे कळले, की सायकल काढतो आणि कॉलेजला येतो.