बरणीची दुसरी नेमणूक

आमच्या घरात काचेची बाटली म्हणून जी एकदा येते, ती सहसा परत जात नाही. कॉफीची, मधाची, जॅमची, सॉसची, पुण्याच्या पाहुण्यांनी मोठ्या अगत्याने आणलेल्या कुठल्याशा विलायती लोणच्याची, अशी नाना कुळांतील काचपात्रे रिकामी झाली की धुऊनपुसून फडताळात रुजू होतात. आणि मे महिन्यात करवंदे पिकू लागली म्हणजे त्यांपैकी कोणास कोणत्या कामावर नेमायचे याचा निवाडा करण्याचे काम माझ्याकडे येते. या संग्रहाला घरातील तरुण मंडळी चिक्कूपणा म्हणतात. म्हणोत. परंतु जुन्या बरणीत खाद्यपदार्थ भरून तो वर्षभर निर्धास्तपणे खाण्याच्या या व्यवहारात काटकसरीपेक्षा पारख अधिक लागते, असे माझे मत आहे.

काचेविषयी आमच्या मावळच्या माणसाला थोडी आपुलकी वाटावी, यास इतिहासाचा आधार आहे. प्रत्येकाने वर्षाकाठी एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी धंदे उभे राहावेत, या कल्पनेने झपाटलेल्या अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून 1908 साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. लोकमान्यांचे त्यास पाठबळ होते, आणि परदेशी जाऊन काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तेथे हाताखाली माणसे तयार केली. पुढे 1916 साली कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना उभा राहिला आणि त्यांचा प्रभाकर कंदील महाराष्ट्राच्या ओसरीओसरीवर लागला. म्हणजे ज्या वस्तूला आपण आज फुकट आलेली म्हणून कचऱ्यात लोटतो, ती इकडच्या हातांनी घडावी म्हणून पैसापैसा गोळा करणारी माणसे याच मुलखात होऊन गेली.

तथापि, बरणीचा पुनर्वापर आमच्या आजीने जितक्या बेफिकिरीने केला तितक्या बेफिकिरीने तो आपणास का करता येत नाही, हा खरा प्रश्न आहे. आजीच्या चिनी मातीच्या बरणीला झाकण असे ते नावापुरतेच. बरणी उन्हात तापवून, निखाऱ्यावर हिंग टाकून तिला धुरी द्यायची, लोणचे दाबून भरायचे, गार केलेली फोडणी फोडींच्या वर चार बोटे येईल अशी ओतायची आणि तोंडाला दादरा बांधून ती फळीवर ठेवायची, एवढाच तिचा बंदोबस्त असे. त्या बंदोबस्तात हवा अडवण्याचा आग्रह नव्हता, कारण टिकण्याची हमी बरणीने द्यावयाची नसून आतल्या मालाने द्यावयाची होती. कैरीचा आंबटपणा, मिठाचा खार, वरचे तेल आणि मुरांब्याच्या बाबतीत पक्का झालेला साखरेचा पाक, हे चौघे पहारेकरी जागे असत. मग पात्र नवे की जुने, काठ अखंड की टवका उडालेला, याने फारसे अडत नसे. आपण आता साखर निम्मी करतो, तेल बेताचे घालतो, मिठाला भितो, आणि तरीही पदार्थ तितकाच टिकावा अशी अपेक्षा ठेवतो. त्याबरोबर सारा भार झाकणावर येऊन पडतो. आणि जी बरणी दादऱ्याखाली वीस वर्षे बिनतक्रार नांदली असती, तिचीच मग कसून तपासणी करावी लागते.

झाकणावर भिस्त ठेवण्याची ही रीत मूळची आपली नव्हे. नेपोलियनच्या काळी फ्रेंच सरकारने लावलेले बारा हजार फ्रँकांचे इनाम निकोला आपेर या हलवायाने मिळवले आणि 1810 साली आपली कृती ग्रंथरूपाने जाहीर केली: रुंद तोंडाच्या काचेच्या बाटलीत अन्न भरावे, बूच घट्ट बसवावे आणि बाटली उकळत्या पाण्यात ठेवावी. असे केल्याने अन्न का टिकते हे त्यालाही सांगता येत नव्हते. सूक्ष्म जंतूंची उपपत्ती पाश्चरने मांडली ती अर्धशतकानंतर. 1858 साली अमेरिकेत जॉन मेसन याने आट्यांच्या तोंडाच्या बरणीचे पेटंट घेतले, तेव्हापासून बूच आणि लाख यांचा जाच संपला. तिकडच्या या बरण्यांची काच मुळातच जाड आणि वारंवार उकळण्यासाठी घडवलेली असते. आपल्या फडताळातील जॅमची बरणी कारखान्यात एकदाच भरली जावी एवढ्याच हिशेबाने ओतलेली असते, हे तिला दुसऱ्यांदा कामाला लावताना विसरून चालत नाही.

म्हणून परीक्षा काठापासून सुरू करावी. बरणी खिडकीपाशी नेऊन काठ तिरप्या उजेडात फिरवावा, मग त्यावरून अंगठ्याचे नख हलकेच न्यावे आणि शेवटी कापसाचा कोरडा पुंजका. नखाला जे कळत नाही ते कापसाला कळते. जेथे बारीकसा तंतू अडकून राहतो तेथे केसाएवढी का होईना, पण कपची उडालेली असते, आणि त्या जागी झाकणाचे कडे कधीच नीट टेकत नाही. अशी बरणी करवंदाच्या जेलीच्या कामावरून तत्काळ बडतर्फ. त्यानंतर अंग पाहावे. तारेच्या घासणीचे आणि लोखंडी चमच्याचे ओरखडे जुन्या बरणीत असतातच, आणि काच तडकते ती बहुधा तेथूनच. काच उष्णता सावकाश नेते. गार बरणीत कढत रस ओतला की आतला थर फुगू पाहतो, बाहेरचा थंडच राहतो, आणि त्या ओढाताणीत जेथे आधीच चरा असेल तेथे ती दुभंगते. यास्तव बरण्या कोमट पाण्यापासून चढत्या उष्णतेने तापवून, भरेपर्यंत त्याच गरम पाण्यात ठेवाव्यात. पावसाळ्यात कडाप्प्याचा ओटा हिमासारखा गार असतो; त्यावर तापलेली बरणी थेट न टेकता जुन्या लुगड्याची जाड घडी खाली घालावी.

झाकणाच्या बाबतीत मात्र मी दयामाया दाखवीत नाही. काचेला आंबटाची, रंगाची, वासाची बाधा होत नाही. झाकणाच्या आतल्या मऊ कड्याला ती सर्व होते. लोणच्याचे झाकण कितीही वेळा घासून जेलीवर लावले तरी करवंदाला हिंगाचा वास येतोच. शिवाय एकदा दाबले गेलेले कडे पुन्हा तितकेच दबत नाही. त्यात आमच्या वडिवळ्याचा पाऊस! नाणे मावळात आषाढ लागला, की धरणाचा जलाशय आणि आकाश यांतील सीमारेषा पुसली जाते, भिंतींना ओल चढते आणि पत्र्याच्या झाकणाला कडेने तांबूस गंज धरतो. तो गंज आत उतरला की झाकण संपले. नवी झाकणे काही पैशांना मिळतात म्हणण्याचे दिवस गेले, पण अजूनही ती स्वस्तच आहेत. बरणीच्या तोंडाचे माप मिलिमीटरमध्ये घेऊन कामशेतहून लोकलने पुण्यास जावे आणि रविवार पेठेतील बोहरी आळीत त्रेपन्नची की त्रेसष्टची ते नेमके सांगून मागावीत. कॉफीच्या बरणीचे प्लास्टिकचे झाकण मुळात हवाबंद नसते. तिच्याकडे कोरड्या जिनसांखेरीज काही सोपवू नये.

करवंदाची जेली हे या कामासाठी निर्धोक द्रव्य आहे. फळ आंबट, पेक्टिन भरपूर. थोडी कच्ची करवंदे मिसळली तर अधिकच उत्तम. रस फडक्यातून पिळू नये, आपोआप गळू द्यावा. पुस्तकात जेली 105 अंशांवर तयार होते असे लिहिलेले असते, परंतु ते समुद्रकाठचे गणित. येथे सुमारे सहाशे मीटर उंचीवर पाणीच 98 अंशांच्या आसपास उकळते, तेव्हा जेलीही दोन अंश आधीच उतरवावी लागते. उलट, भरलेल्या बरण्या उकळत्या पाण्यात ठेवण्याचा वेळ मात्र वाढवावा लागतो. समुद्रसपाटीला जेथे पाच मिनिटे सांगितली आहेत तेथे हजार फुटांच्या वर दहा. वर पाव इंच जागा सोडून काठ स्वच्छ फडक्याने पुसावा, कारण साखरेचा एक थेंबही झाकणास दगा देतो. गार होताना झाकण मध्यभागी आत ओढले जाते आणि बारीकसा ‘टक्’ आवाज होतो. दुसऱ्या दिवशी बोटाने दाबल्यावर जिचे झाकण खालीवर होईल, ती बरणी शीतकपाटात ठेवून आधी संपवावी. बरणी उपडी घातली म्हणजे झाकण घट्ट बसते, हा समज मला घरोघर आढळला आहे. त्यावर विसंबू नये.

पावसाळ्यात लोणावळ्याकडून परतणारे आप्त मक्याची कणसे घेऊन येतात आणि त्यांचे कोवळे दाणे असेच बरणीत भरून द्या म्हणतात. यास मी स्वच्छ नकार देते. मका, मटार, अळंबी, बांबूचे कोंब यांत आंबटपणा नाही. आणि जेथे आम्लता कमी, म्हणजे शास्त्राच्या भाषेत पीएच 4.6 च्या वर, तेथे बोट्युलिझमचा जंतू हवाबंद बरणीतच सुखाने वाढतो. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्याला दाद देत नाहीत, त्यांना 116 ते 121 अंशांची दाबाखालची वाफ लागते, आणि घरचा शिट्टीचा कुकर त्या कामासाठी पारखलेला नाही. शिवाय त्या विषाने अन्नाला वास किंवा रंग येईलच असे नाही. असले दाणे वाळवावेत किंवा शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावेत.

परीक्षेत नापास झालेल्या बरण्यांचीही तजवीज होतेच: मेतकूट, तीळ, इंद्रायणी तांदळाची कणी, सुकी कोकमे. अडचण आहे ती सॉसच्या अरुंद गळ्याच्या बाटलीची. तिच्यात हात जात नाही, तळाशी काय राहिले ते दिसत नाही, म्हणून आंबटगोड काहीही तिच्यावर सोपवण्यास माझा जीव धजत नाही. तिच्यात खोबरेल भरावे अशी सूचना घरातून आली आहे. परंतु पौषात मावळच्या थंडीने ते थिजल्यावर त्या गळ्यातून बाहेर कसे काढायचे, याचा खुलासा सूचना करणाऱ्याने अद्याप केलेला नाही.