खूण पटली

पोळ्याच्या दिवशी आमच्या संग्रामपुरात तोरणाखाली बैलांची रांग लागे. परक्याला ते सारे सारखेच दिसत. पण शिंगांचा बाक किंवा कपाळावरचा चांद पाहून धनी आपला बैल तत्काळ ओळखी. खुणेवाचून ओळख पटत नाही, हे मी तेथे शिकलो. खूण न पाहताच केलेली ओळख किती निष्ठुर असते, हे मात्र १९९४ साली कळले.

त्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीच्या प्लेगचे रोगी आढळले. सप्टेंबरात सुरतेहून फुप्फुसाच्या प्लेगची वार्ता आली आणि लाखो माणसे ते शहर सोडून निघाली. आमच्या शेजारचा एक तरुण तेथे मागावर कामाला होता, तोही परतला. त्याला ना ताप होता, ना खोकला. तरीही "प्लेग आला!" अशी हाकाटी झाली आणि गावाने त्याला वेशीबाहेरच्या वावरात ठेवले. मी त्याचा लाडका. पण त्याने हाक मारताच मी पळालो. माझी आजी मात्र रोज त्याला भाकरी नेऊन देई. ती म्हणे, "त्याले रोग हाय, हे कोनं पायलं, बापू?"

पुढे विज्ञान शिकताना आजीचा तोच प्रश्न मला पुन्हा भेटला. ही साथ खरोखर प्लेगचीच का, याविषयी जाणकारांतही वाद होता. सूक्ष्मदर्शकातून अनेक जीवाणू सारखेच दिसतात. परंतु प्रत्येकाच्या पेशीत डीएनएचा लांब धागा असतो. त्याचे काही भाग एका जातीत सहसा बदलत नाहीत; त्यांवरून जात कळते. काही भाग वाणागणिक निराळे असतात; त्यांवरून वाण कळतो आणि साथ कोठून आली याचा माग काढता येतो. याच जनुकीय खुणा. हैदराबादच्या पेशी व रेणू जीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञांनी त्या साथीत मिळालेल्या जीवाणूंच्या अशा खुणा ताडून पाहिल्या. १८९४ साली अलेक्झांडर येर्सिन यांनी हाँगकाँगमध्ये शोधलेला प्लेगचा जीवाणूच तो होय, असा निष्कर्ष त्यांनी २००० साली प्रसिद्ध केला.

डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवाला नाव देण्यापूर्वी शास्त्रज्ञांनी एवढी खातरजमा केली. आम्ही मात्र एका निरोगी माणसाला क्षणात रोगी ठरविले. काही दिवसांनी तो धडधाकट सुरतेला परत गेला. त्या वावराजवळून जाताना आजही त्याची हाक माझ्या कानी येते आणि पावले थबकतात.