दारांचा पुनर्जन्म

सरकारी वसाहतीत राहणाऱ्यांचे एक बरे असते. घर आपले नसल्यामुळे ते पडताना दुःख करण्याचा अधिकारही आपल्याला नसतो. तरीही दिल्लीतील आमची जुनी वसाहत पाडली गेली, तेव्हा भिंतींपेक्षा दारांकडेच आम्ही अधिक वेळ पाहत राहिलो. भिंतींच्या राड्यारोड्याची बुराडीच्या कारखान्यात 2009 पासून पुन्हा खडी होते. लाकडाच्या नशिबी मात्र बहुधा थंडीतल्या शेकोट्या, आणि तो धूर आमच्याच मुलांच्या छातीत.

लाकूड सिमेंटात मिसळावे म्हटले, तर दोघांचे सहजी जमत नाही. लाकडातील शर्करा सिमेंटला घट्ट होऊ देत नाही. म्हणून भुसा आधी गरम पाण्याने धुवावा लागतो. मग त्याचे तक्ते उत्तम होतात. 2020 मध्ये टोकियो विद्यापीठातील संशोधकांनी याहून नवल केले. फुटक्या काँक्रीटची व टाकाऊ लाकडाची पूड थोड्या पाण्यासह तापवून दाबली. नवे सिमेंट घातलेच नाही. लाकडातील लिग्निन वितळून त्यानेच सारे सांधले. वाकवण्याच्या कसोटीत तो ठोकळा साध्या काँक्रीटहून बलवान ठरला.

म्हणजे सांधणारे द्रव्य त्या मोडक्या दारातच होते! आम्ही बदलीची माणसे. मागचे मागे टाकण्याची आम्हांला सवय. पण रद्द झालेल्या फायलीलाही आमच्या कचेरीत नोंद करूनच निरोप मिळतो. पिढ्यान् पिढ्यांची ये-जा सोसलेल्या दाराला तेवढाही मान नसावा?