पाहुण्यांची वाट

चैत्र सरत आला होता. पनवेलचे चार शाळासोबती पहाटेच्या एस. टी.ने निघाले आणि उरणजवळच्या द्रोणागिरी डोंगराच्या पायथ्याशी येऊन उतरले. चौघांत मिळून दुर्बीण एकच. शिदोरीत तांदळाची भाकरी व सुकटीची चटणी. मनात मात्र ध्यास एकच होता, रोहित पक्षी पाहावयाचे!

गतवर्षी जेथे हजारो रोहित उभे होते, त्या पाणथळीवर ते उत्सुकतेने गेले आणि थबकले. पाण्याचा थेंब नव्हता. चिखल वाळून त्याला भेगा पडल्या होत्या; वर मिठाचा पांढरा थर चढला होता.

“हे तर वाळवंट झाले!” सर्वांत धाकटा हळहळला.

जवळच एक वृद्ध कोळी जाळे सांधीत बसला होता. तो म्हणाला, “पोरांनो, भरतीचे पाणी आत यायची बांधातली वाट कोणी बुजवली. मग पाखरे कशी येतील?”

“पण बाबा, खाडीत पाणी आहेच की!”

“आहे ना. ओहोटीला ती खाडीच्या चिखलावर चरतात. भरती आली, की तो चिखल बुडतो. तेव्हा त्यांना टेकायला अशी उथळ जागा लागते.”

म्हाताऱ्याने तिवरांपलीकडची एक वाट दाखविली. तेथे थोडे पाणी शिल्लक होते. आणि त्या पाण्यात, अहाहा! गुलाबी कमळे फुलावीत तसे रोहित उभे होते. वाकडी चोच पाण्यात उलटी धरून ते चिखलपाणी गाळीत होते. त्यातले सूक्ष्म शेवाळ आणि बारीक जीव हेच त्यांचे अन्न. पंखांचा गुलाबी रंगही त्या अन्नातूनच येतो. धाकट्याने टाळी वाजविण्यासाठी हात उचलला. पण थोरल्याने तो हळूच खाली केला.

हे पाहुणे येतात ते कच्छच्या रणाकडून. एरवी ते रण म्हणजे ओसाड वाळवंट. परंतु पावसाचे पाणी साचले, की रोहित तेथे चिखलाची घरटी बांधतात. १९४५ साली पक्षितज्ज्ञ सलीम अली तेथे गेले, तेव्हा त्यांनी सुमारे ५ लाख रोहित असल्याचा अंदाज केला होता. पाणी आले, की वाळवंटातही वस्ती होते. पाणी अडले, तर खाडीकाठीही वाळवंट होते.

परतताना चौघे त्या बुजलेल्या वाटेपाशी थांबले. पलीकडे भरतीचे पाणी बांधाला येऊन लागत होते. अलीकडची माती कोरडीच होती.

“पुढल्या वर्षी ते येतील का रे?” धाकट्याने विचारले.

कोणी उत्तर दिले नाही. त्या रात्री मात्र वहीत पक्ष्यांची संख्या मांडून झाल्यावर चौघांनी मिळून एक अर्ज लिहिला. तहसीलदारसाहेबांना त्यात एकच विनंती होती : पाण्याची वाट मोकळी करावी.