लष्करच्या भाकऱ्या

स्वतःच्या घरची कामे बाजूला सारून गावाची उठाठेव करणाऱ्या माणसासाठी मराठीने एक खास वाक्प्रचार राखून ठेवला आहे. असा माणूस 'लष्करच्या भाकऱ्या भाजतो'. या शब्दांत कौतुक थोडे आणि कीव अधिक आहे. लष्कर जेवून पुढच्या मुक्कामाला निघून जाते, भाजणाऱ्याचे नावही कोणी विचारत नाही, आणि बोटे पोळलेली असतात ती त्याचीच. 'घरचे झाले थोडे, व्याह्याने धाडले घोडे' ही म्हण या वाक्प्रचाराची सख्खी बहीण शोभावी. गेल्या वर्षीच्या दिवाळीपासून यंदाच्या अक्षय्य तृतीयेपर्यंत ही दोन्ही भाषाभूषणे आम्हा उभयतांच्या कानांवर इतक्या वेळा पडली की, त्यांच्याविषयी चार शब्द लिहिण्याचा आमचा अधिकार आता सिद्ध झाला आहे, असे आम्ही समजतो.

आम्ही बडोद्याचे. आमची ही येथील चौथी पिढी. आमच्यापैकी एकाचे आयुष्य बँकेच्या खतावण्यांत चालले आहे, तर दुसरीचे शाळेत गणित शिकविण्यात. रंधा आणि करवत यांच्याशी दोघांचाही पूर्वपरिचय नव्हता. घरात ऐंशी पार केलेली आई, म्हणजे आमच्यापैकी एकाची आई व दुसरीची सासू, आणि बारावीच्या परीक्षेच्या उंबरठ्यावर उभी असलेली कन्या. अशा संसारात सुतारकामाला जागा नव्हती, वेळही नव्हता. तरीही ते शिरले.

निमित्त झाले ते आमच्या भागातील एका लहानशा मराठी वाचनालयाचे. भाड्याची खोली सोडावी लागली आणि ग्रंथ पोत्यांत भरून सभासदांच्या घरी विसावले. चार पोती आमच्या झोपाळ्याखाली आली. महिनाभर आम्ही ग्रंथांवर झोके घेतले! नव्या जागेचे भाडे परवडणारे नव्हते. पुढे काय करावे, याचा विचार करण्यासाठी सात-आठ मंडळी आमच्याच ओसरीवर जमली, आणि बोलता बोलता विषय निघाला तो श्रीमंत सयाजीराव महाराजांचा. बडोद्यात चार मराठी माणसे एकत्र आली की महाराजांचा विषय निघतोच. पण या वेळी तो नुसत्या अभिमानापुरता राहिला नाही.

महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बडोद्यास आणले आणि संस्थानभर वाचनालयांचे जाळे विणण्यास आरंभ केला. १९०६ साली संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले होते. शिकलेल्या माणसाला वाचायला काही मिळाले नाही, तर तो शिकलेले विसरून जाईल, ही त्यामागची साधी काळजी होती. जेथे वाचनालय उभे राहणे शक्य नव्हते, अशा गावांना लाकडी पेट्यांत भरून ग्रंथ धाडले जात. पेटी गावात मुक्काम करी, लोक वाचत, मग ती पुढे जाई. इमारत नसली तरी वाचनालय असू शकते, हे या शहराने शंभर वर्षांपूर्वी करून दाखविले आहे. मग आम्हीच खोलीसाठी का अडून बसावे? बारा पेट्या कराव्यात, त्या बारा घरांत तीन तीन महिने राहाव्यात आणि नंतर घरे बदलावीत, असे ठरले. विकत घेण्याइतके पैसे नव्हते, म्हणून पेट्या आपणच कराव्यात, हेही ठरले. ठराव एकमताने संमत झाला. स्वयंपाकघरातून आई तेवढ्यात म्हणाल्या, "पेट्या कराल रे, पण त्या उघडून वाचणारी माणसं कुठून आणाल?" ही सूचना मात्र कार्यवृत्तात नोंदविली गेली नाही.

जवळच्या गल्लीत एक वृद्ध गुजराती मिस्त्रीकाका राहतात. हात थरथरू लागल्याने त्यांनी काम सोडले होते. पण शिकविण्यास ते आनंदाने तयार झाले. त्यांनी पहिला धडा दिला तो लाकूड निवडण्याचा. जुने वाडे पाडले जातात तेव्हा त्यांच्या तुळया आणि चौकटी विकायला येतात. तसा साग त्यांनी आम्हांला घ्यायला लावला. सागाच्या गाभ्यातील लाकडाला वाळवी सहसा लागत नाही. सालीलगतच्या फिकट लाकडाला मात्र ती सोडत नाही, म्हणून तेवढा भाग त्यांनी निर्दयपणे काढून टाकायला लावला. जुन्या लाकडात खिळे दडलेले असतात आणि एक खिळा करवतीचे दात बोथट करायला पुरेसा होतो. त्यामुळे पहिले दोन रविवार आमची सेना लोहचुंबक घेऊन तुळया चाचपण्यात गुंतली होती.

पेटीचे माप काढण्याचे काम गणिताच्या बाईंकडे आले. मराठी पुस्तके बहुधा डेमी आकाराची, म्हणजे साडेपाच इंच रुंद व साडेआठ इंच उंच असतात. त्यावरून पेटीची उंची दहा इंच आणि खोली सात इंच ठरली. प्रश्न होता तो लांबीचा. वाचनालयाच्या जुन्या कपाटांतील चार फुटी फळ्या मध्यभागी बाकलेल्या होत्या, हे सर्वांनीच पाहिले होते. फळीवर सर्वत्र सारखा भार असेल, तर लांबी दुप्पट केल्यावर बाक दुप्पट होत नाही, सोळापट होतो. आणि जाडी दुप्पट केली तर तो अष्टमांशावर येतो. हे ऐकल्यावर दोन फुटांवर एकमत झाले. अशा पेटीत पस्तीस-छत्तीस पुस्तके मावतात. रिकामी पेटी पाच किलोंची, भरलेली अठराच्या आसपास. म्हणजे दोन माणसांनी दोन बाजूंच्या कड्या धरून सहज जिना चढावा इतकी.

कोपरे खिळ्यांनी ठोकावेत, हा आमचा आग्रह मिस्त्रीकाकांनी मोडून काढला. पाचरीसारखे, टोकाशी रुंद असलेले दाते कापून ते एकमेकांत बसवायचे. अशा सांध्याला ओढ बसली तरी तो एका दिशेने सुटतच नाही. ते त्याला 'डोव्हटेल' म्हणत. एक कोपरा नीट जमायला पहिल्या पेटीच्या वेळी आम्हांला पूर्ण दिवस लागला, शेवटच्या पेटीच्या वेळी दोन तास. झाकणाभोवती त्यांनी जाड पुठ्ठ्याएवढी फट ठेवायला लावली. ती डोळ्यांना खुपत होती. ते म्हणाले, "लाकडुं जीवतुं छे, बेन." लाकूड जिवंत असते, पावसाळ्यात ते आडवे फुगते, उभे फारसे नाही. आषाढात ती फट मिटली आणि तरीही झाकण विनासायास उघडत राहिले, तेव्हा त्या वाक्याचा अर्थ कळला.

आता घरची बाजूही सांगितली पाहिजे. ओसरीवर रंधा चाले आणि त्याची सालपटे देवघरापर्यंत पोहोचत. कुकरच्या शिट्ट्या कोणी मोजायच्या, यावरून रोज तंटा. लिंबाच्या लोणच्याच्या बरणीवर आईंनी तीन पदरी फडके बांधले. मकरसंक्रांतीला अख्खे बडोदे पतंग घेऊन गच्चीवर, त्यामुळे सगळेच ठप्प. पेट्यांना जवसाचे तेल पुसले, तेव्हा तेलाचे बोळे गोळा करून ठेवायचे नाहीत, पसरून वाळवायचे, अशी ताकीद होती. कारण साचलेला बोळा तापून आपोआप पेट घेऊ शकतो. ते बोळे दोरीवर धुण्याशेजारी झुलताना पाहून शेजारीण नवे तोरण समजली. कन्येच्या अभ्यासात व्यत्यय नको म्हणून ठोकाठोकीची वेळ संध्याकाळी पाच ते सहा ठरविली. गंमत अशी की, नेमकी त्याच वेळी कन्या वह्या मिटून ओसरीवर येऊ लागली. तिच्यामागून गल्लीतील आणखी पाच-सहा मुले आली. २०१८ साली बडोद्यात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. तेव्हा ही मुले अगदी लहान होती. त्यानंतर कोणत्याही व्याख्यानाला त्यांना आणणे आम्हांला जमले नव्हते. रंध्याने ते काम केले.

आणि येथेच आम्हांला एक गोष्ट दिसली, जिच्यासाठी हा लेख लिहिण्याचा खटाटोप.

ही मुले घरी मराठी बोलतात. शाळेत हिंदी असल्याने देवनागरी त्यांना वाचता येते; गुजरातीतही 'ळ' असल्यामुळे त्या अक्षराशी ती अडखळत नाहीत. 'चमचा' आणि 'चहा' यांतील 'च' वेगवेगळा आहे, हे मात्र सांगावे लागते. आजवर आम्ही समजत होतो की, मुलांचे मराठी उच्चारांत बिघडले आहे, लेखनात कच्चे आहे. ओसरीवर वेगळेच ध्यानात आले. त्यांचे मराठी चुकीचे नव्हते. ते आखूड झाले होते. जेव, नीज, आवर, अभ्यास कर, आजीला पाणी दे. एवढ्या क्रियापदांत त्यांचा मराठी दिवस संपत होता. बाकीचा सारा दिवस दुसऱ्या भाषांचा. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर मराठीला काही काम उरले नव्हते. ज्या भाषेत फक्त जेवायला बोलावले जाते, त्या भाषेतील पुस्तक कोणी कशासाठी उघडावे?

ओसरीवर मराठीला काम मिळाले. तासणे, घासणे, सांधणे, खाच पाडणे, कुसू बसविणे, गुण्या लावून काटकोन पाहणे. मिस्त्रीकाका गुजरातीत बोलत आणि त्यांचा शब्द मराठीत काय, असा प्रश्न मुले विचारीत. रंधा व करवत दोन्ही घरची निघाली. पटाशीला ते 'फरसी' म्हणत, वाकस म्हणजे त्यांचा 'वांसलो'. आम्हांला शब्द सुचला नाही की मुले आत धावत आणि आईंना विचारीत. आईंचे बालपण जुन्या वाड्यात गेलेले. अडसर, कोयंडा, खुंटी, तुळई, बिजागरी असे शब्द, जे कित्येक वर्षांत त्यांनी उच्चारलेले नव्हते, एकेक करून बाहेर येऊ लागले. पेट्यांवर सर्वांत तिखट टीका करणाऱ्या आई आता पाच वाजण्यापूर्वीच ओसरीवर खुर्ची मांडून बसत. "त्या कोपऱ्यात पुन्हा पटाशी फिरव, बाळ, फुगीर दिसतोय," अशी त्यांची सूचना आली, तेव्हा आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि काही न बोलणे श्रेयस्कर मानले.

अक्षय्य तृतीयेला बारा पेट्या बारा घरी गेल्या. श्रावणात पहिली फेरी संपली. तिचा हिशेब जसा आहे तसा द्यायला हवा. पाच पेट्या ज्या क्रमाने भरल्या होत्या, त्याच क्रमाने परत आल्या. पुस्तकांना बोटही लागले नव्हते. चार घरांत घरातील वडीलधाऱ्यांनी वाचन केले, जे ते एरवीही करीत होते. उरलेल्या तीन घरांत मुलांनी पुस्तके वाचली, आणि ती तिन्ही घरे ओसरीवर रंधा धरणाऱ्या मुलांची होती. त्यांनी पेटी प्रथम उघडली ती वाचण्यासाठी नव्हे, आपण कापलेला कोपरा आतून कसा दिसतो, हे घरच्यांना दाखविण्यासाठी. पुस्तक त्यानंतर हाताला लागले. आमच्या कन्येने परीक्षेनंतरच्या सुटीत एक कथासंग्रह आजीला वाचून दाखविला. आजीची दृष्टी आता बारीक अक्षरांपर्यंत पोहोचत नाही. अडलेल्या शब्दाचा अर्थ सांगायचा आजीने आणि अक्षरे ओळखायची नातीने, अशी दोघींनी वाटणी केली होती. दोघी मिळून एक वाचक झाल्या.

आईंच्या मूळ प्रश्नाचे पूर्ण उत्तर आमच्यापाशी अद्याप नाही. वाचणारी माणसे पेटीत भरून आणता येत नाहीत. बारांपैकी तीन हा आकडा विजयाचा नव्हे. मात्र न उघडलेल्या पाच घरांचा विचार करताना आम्ही आता पुस्तकांची यादी बदलण्याआधी दुसराच प्रश्न विचारतो: या घरातील मुलाला मराठीत करण्याजोगे काय काम देता येईल? याच शहरात १८९० साली कलाभवन सुरू झाले आणि हाताने करावयाच्या विद्येला त्याने विद्येचा मान दिला. हात आणि अक्षर यांची ही सोयरीक येथील मातीत जुनीच आहे. आम्हांला ती ओसरीवर नव्याने भेटली, इतकेच.

दुसऱ्या फेरीसाठी त्या पाच घरांतील मुलांना बोलावले आहे. दिवाळीनंतर आणखी सहा पेट्या करायच्या आहेत आणि लाकूड येऊन पडले आहे. मापे वर दिली आहेतच. इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद येथील मंडळींनी ती निःसंकोच वापरावीत. लाकूड मात्र स्थानिक मिस्त्रीला दाखवून घ्यावे, फट ठेवायला विसरू नये, आणि घरात एखादी आजी असेल तर तिची खुर्ची पहिल्याच दिवशी ओसरीवर मांडावी.