पेट स्कॅनचा हट्ट

प्रिय ताई,

काल फोनवर तू आधी आंब्याच्या पेटीची चौकशी केलीस, मग पावसाची, आणि ठेवता ठेवता म्हणालीस, "पाठ दुखतेय गं." फोन त्यासाठीच होता, हे का मला कळत नाही? मॅमोग्राफीची तारीख जवळ आली की तुझं काही ना काही दुखतंच. गुडघा दुखला तर वय झालं म्हणतेस, पाठ दुखली की थेट स्तनाचा कर्करोग परतला, इथेच जातेस.

"काही होत नाही" असं मी म्हणणार नाही. ते भावोजी म्हणतात आणि मग तू बोलायचीच थांबतेस. तुझी गाठ हार्मोन-पॉझिटिव्ह होती. असा आजार पाच वर्षं उलटल्यावरही परतू शकतो, हे तू वाचलंयस. भीती उगाच नाही.

पण तो पेट स्कॅनचा हट्ट! शेजारणीची नणंद दर सहा महिन्यांनी करते आणि आपल्या डॉक्टरांनी नुसती मॅमोग्राफी लिहिली, म्हणून ते निष्काळजी? इटलीत दोन मोठ्या अभ्यासांत नेमकं हेच तपासलं होतं. ऑपरेशन झालेल्या, मिळून अडीच हजारांवर बायका. काहींचे ठरावीक काळाने हाडांचे स्कॅन, छातीचे एक्स-रे. बाकीच्यांची डॉक्टरांकडून तपासणी आणि मॅमोग्राफी. निष्कर्ष १९९४ साली छापून आले: किती जणी जगल्या, यात फरक नाही. तेव्हा पेट स्कॅन एवढा रुळला नव्हता, मान्य. पण काही तक्रार नसताना तो नेमाने करावा, असं आजही कर्करोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगत नाहीत.

शिवाय त्यात किरणोत्सारी साखर टोचतात. ज्या पेशी ती जास्त खातात, तो भाग चमकतो. जंतुसंसर्ग चमकतो, क्षयाची गाठसुद्धा चमकते, आणि क्षय आपल्याकडे काय दुर्मीळ आहे? मग सुई, बायोप्सी, रिपोर्टची वाट. ज्या झोपेसाठी स्कॅन करायचा, तीच जायची.

मॅमोग्राफी मात्र चुकवायची नाही. त्याच बाजूला परत आलेली किंवा दुसऱ्या स्तनात नव्याने झालेली गाठ लवकर सापडली, तर पूर्ण बरं व्हायला वाव असतो.

आणि पाठीचं तारखेपर्यंत राखून ठेवू नकोस. वाकल्यावर दुखते की पडल्यापडल्याही? वाढत चाललीय? रात्री झोपेतून उठवते? दोन-तीन आठवडे हटत नसेल, तर आधीच जाऊन डॉक्टरांना सांग. दम लागणं, न थांबणारा खोकला, उगाच घटणारं वजन, हेही सांगायचं. तशी तक्रार असली तर ते स्वतःच स्कॅन लिहितील, आणि तेव्हा मी तुझ्याबरोबर येईन.

मॅमोग्राफीच्या दिवशी काखेत पावडर लावू नकोस, हे तुला सांगणं जिवावर येतंय! तिचे कण फिल्मवर कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसतात आणि नसता घोळ होतो. संकष्टी खुशाल धर, पण टॅमॉक्सिफेनची गोळी पाण्याबरोबर घ्यायची; उपासाला ती चालते. मागच्या फिल्म्स न्यायला विसरू नकोस, ताडून पाहायला लागतात. माळ्यावरच्या ट्रंकेत असतील, तर भावोजींना आजच शिडी लावायला सांग. तुझ्याभोवती नुसत्या येरझाऱ्या घालण्यापेक्षा तेवढं तरी करतील.

तुझी,
धाकटी