डावा डब्बा बसलाच नव्हता



तुरीची मळणी आटोपली. दोन दिवस थ्रेशर चालला, तिसऱ्या दिवशी माल कळमन्याला नेला. दराबद्दल आज लिहीत नाही, तो सगळ्यांनाच माहीत आहे. आज गाण्याच्या डब्ब्यांबद्दल लिहितो. म्हणाल, याले काय झालं? पण शेवटपर्यंत वाचा, गोष्ट फिरून शेतातच येते.

कळमन्याला गेलो की माझा मुक्काम नंदनवनला, लहान भावाकडे. दहावी झाल्यावर मी शेतीत लागलो, तो शिकायला नागपूरला आला. १९९० च्या आसपास नंदनवनच्या इंजिनिअरिंग कॉलेजजवळ तिघा पोरांची एक खोली होती. मी संत्र्याच्या गाडीसोबत यायचो आणि तिथेच चटईवर पडायचो. खोलीत एक टेपरेकॉर्डर अन् इंग्रजी गाण्यांच्या कॅसेटी. क्वीन, पिंक फ्लॉइड, डीप पर्पल. शब्द एक समजत नव्हता, पण झोप यायची नाही.

क्वीनचं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ पहिल्यांदा तिथेच ऐकलं. १९७५ चं गाणं, ५ मिनिटं ५५ सेकंदांचं. धृपद नाही. सुरुवातीला भजनासारखे आवाज एकत्र, मग पियानोवर एकटा माणूस, मग नाटकासारखा गलका, मग गिटारचा धडाका, अन् शेवटी सगळं शांत. भाऊ म्हणाला, "दादा, हा गाणारा आपल्या पाचगणीत शिकला." मला वाटलं गंमत करून राहिला. पण खरं आहे. फ्रेडी मर्क्युरीचं खरं नाव फारुख बलसारा, पारशी घरातला, जन्म झांझिबारचा. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत बोर्डिंगला होता, पियानोही तिथे शिकला. त्यांचा गिटारवाला ब्रायन मे, त्यानं तर गिटार बापासोबत घरीच बनवली. दांडी जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची. मी तेव्हा मोडक्या तिफणीचं लाकूड डवऱ्याला बसवलं होतं. म्हटलं, हा माणूस आपल्यातलाच आहे.

तर यंदा गेलो तेव्हा भाऊ म्हणाला, "दादा, डब्ब्यांत जीव नाही राहिला. ढोल ऐकूच येत नाही. मेकॅनिकले दाखवू म्हणतो." मी म्हटलं, आधी मले पाहू दे. विहिरीवरची मोटर तीस वर्षं सांभाळून राहिलो, मीटर गाडीतच असते.

पहिले दोन्ही डब्बे मोजले. डब्ब्यावर ८ ओहम लिहिलं असलं तर मीटर साधारण ६-७ दाखवते. दोन्ही बरोबर. मोठ्या स्पीकरचा कागद बोटांनी हळूच दाबला, घासल्याचा आवाज नाही, कडेचं रबर शाबूत. बॅलन्सचं बटन फिरवलं की खरखर. बंद करून, प्लग काढून त्यात कॉन्टॅक्ट क्लिनर मारला अन् वीस-पंचवीस वेळा फिरवलं. खरखर गेली, पण ढोल आला नाही.

मग एक गोष्ट लक्षात आली. एकच डब्बा वाजवला तर ढोल आहे. दोन्ही वाजवले तर गायब. मोटरवाल्या माणसाले इथे लगेच कळते. थ्री फेजच्या दोन वायरी अदलाबदल झाल्या की मोटर उलटी फिरते. आवाज करते, करंट घेते, पण पाणी धड येत नाही. डब्ब्याचंही तसंच. लाल वायर लालला, काळी काळ्याला पाहिजे. एकाची उलटी लागली तर एक कागद पुढे ढकलते तेव्हा दुसरा मागे ओढते. जाडा आवाज एकमेकांत मरून जाते. दिवाळीच्या साफसफाईत पुतण्यानं वायरी काढून पुन्हा लावल्या होत्या. उजव्या डब्ब्याच्या उलट्या.

खात्री करायची असेल तर अँप्लिफायरकडून वायर काढून घड्याळातला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. प्लस लालला, मायनस काळ्याला. कागद बाहेर आला तर बरोबर, आत गेला तर आतलं कनेक्शन उलटं. सेल धरून ठेवू नका.

वायरी सरळ केल्या अन् ढोल असा आला की वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली.

इथं गोष्ट संपायले पाहिजे होती. पण मला आवाज मधात येत नव्हता. दोन डब्ब्यांच्या मधोमध बसलं तर गाणारा समोर उभा वाटला पाहिजे. माझा फ्रेडी उजवीकडे सरकला होता. झांजेचा, गिटारचा बारीक आवाज डावीकडून येतच नव्हता. म्हटलं, डाव्या डब्ब्याचा छोटा स्पीकर बसला.

मी अँप्लिफायरच्या मागे डाव्या-उजव्या वायरी बदलल्या. कमी बाजू डावीच राहिली, म्हणजे अँप्लिफायर बरोबर, डब्ब्यातच दोष. मग दोन्ही डब्बे उचलून जागा बदलली. आता कमी बाजू उजवी व्हायले पाहिजे. नाही झाली. डावीच.

भावाला खुर्चीवर बसवलं. तो म्हणाला, "मधात येऊन राहिला दादा आवाज. बरोबर आहे सगळं." पुतण्याही तेच म्हणाला. मी पुन्हा बसलो, उजवीकडे. मग मी खुर्ची फिरवली अन् डब्ब्यांकडे पाठ करून बसलो. आता खोलीची दुसरी बाजू कमी झाली. दोष माझ्यासोबत फिरला होता.

कोणी काही बोललं नाही. भावानं गाणं बंद केलं.

मला गेल्या काही वर्षांच्या गोष्टी आठवल्या. मोबाईल मी नेहमी उजव्या कानाला लावतो. बंडीत सौ. डावीकडे बसली की भांडण होते. "अवो, मी बोलून राहिली, तुमी आयकतच नाई." मी म्हणायचो, तू हळू बोलतेस. ती समजायची मी मुद्दाम करतो. किती वेळा अबोला झाला असेल.

दुसऱ्या दिवशी भाऊ मेडिकलला कान-नाक-घसा विभागात घेऊन गेला. बंद खोलीत कानाला हेडफोन लावून तपासणी झाली. कागदावर रेघ निघाली. दोन्ही कानांची रेघ ४००० हर्ट्झपाशी खाली उतरलेली, डाव्याचा खड्डा जास्त खोल. डॉक्टरनं विचारलं, "ट्रॅक्टर चालवता का? मागं कोणत्या बाजूनं वळून पाहता?" उजव्या खांद्यावरून. नांगर, कल्टिव्हेटर, पेरणी, सगळं तसंच पाहतो. म्हणजे डावा कान इंजिन अन् सायलेन्सरकडे. बिनकॅबिनचा ट्रॅक्टर, पंचवीस वर्षं. त्यावर थ्रेशर वेगळा.

कानाच्या आतल्या बारीक केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं सांभाळा, असं सांगितलं. आणखी एक सांगितलं, ते तुम्हीही लक्षात ठेवा. दोन कानांत फरक असला तर शेतीचा आवाज म्हणून सोडून देऊ नका, दुसरं कारणही असू शकते, तपासून घ्या. अन् एकाएकी एका कानानं ऐकू येणं बंद झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. त्यात वाट पाहणं महागात पडते.

८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत, हे एक प्रमाण मानतात. दर ३ डेसिबल वाढले की वेळ अर्धा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास. जवळचा माणूस हातभर अंतरावर असून ओरडून बोलावं लागत असेल तर समजा आवाज जास्त आहे. कापसाचा बोळा काही कामाचा नाही. कानात घालायचे फोमचे प्लग किंवा वरून लावायचे इअर मफ घ्या. सायलेन्सर फुटला असेल तर "चालते" म्हणून चालवू नका. गाण्यालाही हाच नियम. द हू या बँडचा पीट टाउनशेंड, मोठा गिटारवाला, त्यानं स्वतः सांगितलं आहे की मोठ्या आवाजानं त्याचे कान गेले.

मी दोन इअर मफ घेतले. एक माझा, एक पोराचा. पोरगा म्हणाला, लोक हसतील. मी त्याला तपासणीचा कागद दाखवला. आता स्टिअरिंगला अडकवून ठेवतो, लावल्याशिवाय चावी फिरवायची नाही.

घरी आल्यावर सौ.ला तोच कागद दाखवला. ती बराच वेळ रेघेकडे पाहत होती. मग म्हणाली, "म्हणजे तुमी खरंच आयकत नव्हते?" मी म्हटलं, नव्हतो. आता ती बंडीत उजवीकडे बसते.

भावाकडे गेलो की तो न बोलता बॅलन्सचं बटन थोडं डावीकडे करून ठेवतो. फ्रेडी पूर्ण मधात येत नाही, पण पुष्कळ जवळ येतो.

ज्यांची मळणी बाकी आहे त्यांनी थ्रेशरवरच्या मजुरांसाठीही प्लग आणा. पुढच्या नोंदीत हरभऱ्याच्या घाटेअळीबद्दल लिहितो.